अर्धं चाक पुढे

ट्राममध्ये तिकीट तपासणाऱ्या मुलीने रेजिसचा पास बघितला, मग मानेनेच ओदीलकडे खूण करत त्याला विचारलं, "ह्या बाई तुमच्याबरोबर का?" रेजिस खिडकीतून रस्त्याचं खोदकाम बघत होता. तो म्हणाला, "नाही."

एवढंच झालं. ओदीलने स्वतःचा पास काढून दाखवला, मुलगी पुढे गेली. पुढच्या स्टॉपवर तो उतरला आणि त्याच्यामागून ती उतरली. "चुकीच्या बाजूने खणतायत," तो म्हणाला, "पाऊस आला की सगळं पाणी दुकानांत." रस्ते खात्यातून निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती, पण क्लेरमों शहरातल्या कुठल्याही खड्ड्यावर त्याचा अजून हक्क होता. बायकोबद्दलच्या प्रश्नाला आपण काय उत्तर दिलं हे त्याच्या कानापर्यंत पोचलंसुद्धा नव्हतं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर तो हसला असता, खांद्यावर हात ठेवला असता, "अगं, माझं लक्ष कुठे होतं!" म्हणाला असता, आणि ते खरंही असतं. त्याचं लक्ष नव्हतं हीच तर तक्रार होती.

तो गुरुवार होता. रविवारी सकाळी दोघं नेहमीप्रमाणे गाडीवर सायकली लादून बियों गावी गेले, चर्चमागच्या चौकात गाडी लावली आणि लिव्रादुआच्या टेकड्यांकडे निघाले, तेव्हाही तो 'नाही' तिच्या डोक्यात होताच, दाढेत अडकलेल्या तंतूसारखा. वाईट वाटलं होतं असं म्हणणं चूक ठरलं असतं. वैताग आला होता, आणि वैतागाचं कारण हे की उत्तर तिला अचूक वाटलं होतं. ती त्याच्याबरोबर नव्हती. ती त्याच्या मागे होती, आणि अंतरही तिला माहीत होतं: अर्धं चाक. दोघं जोडीने जाऊ शकतील इतका तो रस्ता रुंद होता, रहदारी जवळजवळ नव्हती, डाव्या हाताला लसणाची शेतं, उजवीकडे नुकतं कापून आडवं टाकलेलं गवत, आणि तरी त्याच्या पुढच्या चाकाची कड तिच्या चाकाच्या अर्धं चाक पुढे. तिने जोर लावून बरोबरी साधली की क्षणभर दोन्ही चाकं एका रेषेत यायची, मग काही न बोलता, काही न दाखवता, त्याचं चाक पुन्हा पुढे सरकायचं. पुन्हा तिने गाठायचं. वेग वाढत वाढत जायचा आणि रविवारची सहल म्हणून निघालेली दोन साठीची माणसं कुणी पाठलाग करत असल्यासारखी धापा टाकत गावात शिरायची. असं अर्धं चाक पुढे राहणाऱ्यांना सायकलवाल्यांत नाव आहे, आणि ते काही चांगलं नाही. सायकल क्लबातले लोक चेष्टा करायचे. जाडा ब्रुनो तर दर वर्षीच्या जेवणात तेच तेच म्हणायचा, "ओदील, तुला नवऱ्याचा चेहरा आठवतो का गं? नाही, मागचं चाक सोडून म्हणतोय मी!" आणि सगळे हसायचे, रेजिस सगळ्यांत मोठ्याने.

त्या रविवारी मात्र अर्ध्या चाकाशी आणखी एक गोष्ट बांधलेली होती. मंगळवारी बियोंच्या नोटरीकडे एका घराच्या खरेदीखतावर सह्या करायच्या होत्या. मोंतेल गावाच्या वर, चढ संपतो तिथल्या वाडीत एक दगडी घर होतं, निळ्या झडपांचं, दारात अक्रोडाचं झाड. रेजिसला ते वसंतात दिसलं, आठवड्याभरात तो आत जाऊन छप्पर बघून आला, पंधरा दिवसांत मालकाशी बोलला, आणि आता शहरातला फ्लॅट विकून शरद ऋतूत, ओदील प्रयोगशाळेतून निवृत्त झाली की लगेच, तिथे राहायला जायचं ठरलं होतं. कोणी ठरवलं हे विचारलं तर तो म्हणाला असता, "आम्ही." तिने नाही म्हटलं नव्हतं. तिने विचारलं होतं, हिवाळ्यात बर्फ किती पडतो. तिने विचारलं होतं, पावाची गाडी आठवड्यातून किती वेळा येते. मग ती गप्प झाली होती. आणि ती गप्प झाली तसा तो घरासाठी अधिक भराभर फोन करू लागला होता. घराविरुद्ध तिचं काही नव्हतं, घर चांगलं होतं. पण शहरात तिचे स्वतःचे रस्ते होते: बाजारातून जाणारा, पोहण्याच्या तलावाकडचा, मैत्रिणीच्या, मारीव्होनच्या घरी जाणारा चढाचा बोळ. ते ती तिच्या चालीने चालायची. वाडीतून बाहेर पडायला एकच रस्ता होता, आणि त्यावर मरेपर्यंत रोज, आपल्यापुढे अर्धं चाक, रेजिस असणार होता.

"...नैर्ऋत्येकडचं छप्पर आधी घेऊ," तो पुढून सांगत होता. वाऱ्याने त्याची वाक्यं अर्धी अर्धी येत. "तिथली कौलं... मग पोटमाळ्यावर तुला एक खोली, तुझी पुस्तकं..." त्याचा उजवा हात खाली गेला, तर्जनीने रस्त्यावर काहीतरी दाखवलं. खड्डा. ती बाजूने गेली. हे मात्र तो कधी चुकला नव्हता. पुढचा माणूस मागच्याला खड्डा दाखवतो, रेती दाखवतो, पुढून गाडी आली की ओरडतो, हा रीतीचा भाग, आणि इतक्या वर्षांत रेजिसने एकही खड्डा दाखवायचा सोडला नव्हता. म्हणूनच तर बोलता येत नसे. जो माणूस मागे न बघता तुमच्यासाठी प्रत्येक खड्ड्याकडे बोट करतो, त्याला काय म्हणायचं? मागे बघ म्हणायचं?

ती म्हणाली नव्हती असंही नाही. तिची तिची भाषा होती. लग्नाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, याच बाजूच्या एका रस्त्यावर, तिने ठरवलं होतं की ओरडून सांगायचं नाही. तिची आई बापावर आयुष्यभर ओरडली होती आणि त्यातून काही निष्पन्न झालेलं तिने पाहिलं नव्हतं. वेग असह्य झाला की ती फक्त पाय थांबवायची. पेडल थांबलं की मागच्या चाकात टिकटिक सुरू होते, शांत रस्त्यावर ती चांगली ऐकू येते. दोन सेकंद, तीन सेकंद टिकटिक, मग पुन्हा पेडल. हळू जा, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला कान आहेत त्याला कळावं. त्याला कळत नव्हतं. उलट टिकटिक झाली की तो आणखी रेटायचा, आणि तिच्या मनात वर्षागणिक एक निष्कर्ष पक्का होत गेला होता की त्याला ऐकू येतं, समजतं, आणि तरीही. हा 'तरीही' फार थकवणारा होता. प्रयोगशाळेत ती गावोगावचं पाणी तपासायची. नायट्रेट, जंतू, शिसं. तिथे एखादा आकडा पुन्हा पुन्हा तोच आला की मानावाच लागतो. रेजिसचा आकडा दर रविवारी तोच येत होता.

मोंतेलचा चढ सुरू झाला. झाडांची सावली आली, गवताचा गरम वास गेला आणि ओल्या मातीचा आला. कुठेतरी कोकीळ तेच दोन स्वर पुन्हा पुन्हा म्हणत होता, तोही डोक्यात जात होता. ओदीलने पाय थांबवले. टिकटिकटिक. रेजिस लगेच पेडलवर उभा राहिला, त्याची पाठ डाव्या-उजव्या अंगाला झुलली, आणि तो निघाला. "...आणि मंगळवारी दहाला म्हणजे आपण साडेनऊलाच..." तो म्हणत होता. नेहमी इथे ती दात खाऊन मागोमाग जायची. आज तिने पेडल मारायला सुरुवात केली ती आपल्या चालीने. फार काही ठरवून नाही. पाय त्या वेगाला राजी होते, त्याहून जास्त वेगाला राजी नव्हते, आणि तिने पहिल्यांदा पायांचं ऐकलं. पुढचं चाक दूर गेलं. मग पाठ दूर गेली. वळणापर्यंत त्याचा आवाज येत होता, तो पोटमाळ्याला खिडकी कुठल्या बाजूला काढायची ते सांगत होता, ज्या जागी ती नव्हती त्या जागेला. मग वळण आलं आणि आवाज बंद झाला.

एकटीला रस्ता वेगळा दिसला हे तिला आवडलं नाही, कारण ते इतकं सोपं असायला नको होतं. रस्त्याच्या कडेला जंगली स्ट्रॉबेऱ्या होत्या. त्या दर वर्षी असणार. कुंपणापलीकडे लाल गाई उभ्या होत्या, त्यातली एक सावकाश चालत तिच्याबरोबर आली, तिच्याच वेगाने, तार संपेपर्यंत, आणि ओदीलला हसू आलं: ही बरोबर चालतेय. श्वास नाकाने येत-जात होता. किती वर्षांनी या चढावर तोंड मिटलेलं होतं! मग तिच्या मनात आलं की तो आता वाट बघत असेल, आणि लगेच दुसरं आलं की बघू दे. मंगळवारी ती म्हणणार होती, सही करणार नाही. की नोटरीच्या खुर्चीतही ती नुसती पाय थांबवून बसणार होती? पेन तिच्यासमोर सरकवलं जाईल, ती गप्प बसेल, आणि रेजिस म्हणेल, इथे गं, इथे. तिला स्वतःचाच इतका राग आला की पेडल चुकलं.

चुकामूक झाली तर पुढच्या गावाच्या दफनभूमीतल्या नळावर भेटायचं, ही त्यांचीच काय, इथल्या सगळ्या सायकलवाल्यांची रीत. गावाचं कारंजं आटलेलं असतं किंवा त्यावर 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी असते, खानावळ रविवारी बंद असते, पण कबरींवरच्या फुलांना पाणी घालायला दफनभूमीत नळ असतोच, आणि भिंतीला टेकून बसायला सावली. मोंतेलच्या दफनभूमीच्या फाटकाला रेजिसची सायकल टेकवलेली होती. फाटकातच एक म्हातारी बाई झारी घेऊन उभी होती, अंगावर घरातला निळा डगला, पायात रबरी बूट.

"तुम्हीच का त्या?" म्हातारी म्हणाली. "या बाई, या लवकर. तुमचे ते आत बसलेत. पार पांढरे पडलेत हो. मी म्हटलं, एकटेच आलात का, तर म्हणाले, नाही, बायको येतेय मागून. बसतायत, उठतायत, फाटकाशी येऊन रस्ता बघतायत, पुन्हा बसतायत. मला माझ्या जिरॅनियमच्या फुलांना धड पाणी घालू देईनात."

रेजिस भिंतीच्या सावलीत बसला होता, हेल्मेट मांडीवर, डोक्यावर पाणी ओतून घेतलेलं. तो खरंच पांढरा दिसत होता. तिला बघून त्याने डोळे मिटले आणि उघडले, आणि मग तो चिडला.

"कुठे होतीस?"

"रस्त्यावर."

"मला वाटलं पडलीस."

"मग मागे का नाही आलास?"

"येणार होतो. पाय उचलेनात. आधी त्या चढावर मला पिळून काढतेस आणि मग नाहीशी होतेस! ही काय पद्धत झाली?"

"मी? मी पिळून काढलं तुला?"

"नाही, ह्या बाईंनी काढलं."

"मला मध्ये घेऊ नका," म्हातारी झारी भरता भरता म्हणाली. "माझे तिथे आहेत, कोपऱ्यात. त्यांच्याशी माझं भांडण आता मिटलंय."

ओदील नळापाशी उभीच राहिली. बाटली भरून वाहू लागली तरी तिने नळ बंद केला नाही. "रेजिस," ती म्हणाली, "पुढे कोण असतं? अर्धं चाक पुढे कायम कोण असतं?"

"असतो ना! असावंच लागतं! तू मागून रेटत असतेस. जरा हळू झालो की तुझं सुरू, टिकटिकटिक. पेडल मारायचीही गरज नाही बाईसाहेबांना, इतका मी रटाळ चालतोय! इतकी वर्षं ती टिकटिक ऐकतोय मी. माझ्यामुळे हिला थांबावं लागतंय, माझ्यामुळे हिला थांबावं लागतंय. मग काय करतो माणूस? रेटतो. तू बारीक, तुला काय. माझा जीव जातो."

पाणी तिच्या बुटावर पडत होतं. म्हातारीने येऊन नळ बंद केला.

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, हाच भयंकर भाग होता. मागच्याचा वेग जास्त असला की मागचा पाय थांबवतो, टिकटिक होते, आणि पुढच्याला कळतं की आपण आडवे येतोय. दर रविवारी पन्नास सायकली एकत्र जातात तेव्हा तिचा हाच अर्थ असतो, ओदीलनेही तो तसाच लावला असता. तिने आपल्या पुरता दुसरा अर्थ ठरवला होता आणि तो कुणाला कळवला नव्हता. ती हळू म्हणे, त्याला जोरात ऐकू येई, तो जोर करी, ती अधिक कळवळून हळू म्हणे. मोजपट्टी कुठल्या बाजूने वाचायची हे लिहून न ठेवणाऱ्या शिकाऊ मुलांना तिने प्रयोगशाळेतून घरी पाठवलं होतं. आणि त्या आकड्यांवरून, पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्या खात्रीच्या आकड्यांवरून, तिने एका माणसाचा स्वभाव ठरवला होता. तिला हसावंसं वाटलं नाही. तिला झारी कुणावर तरी फेकावीशी वाटली.

"मी टिकटिक करायचे ते तू हळू जावंस म्हणून," ती म्हणाली.

रेजिस म्हणाला, "तोंड आहे ना तुला?"

"आहे. मला ते घर नको."

कोपऱ्यातल्या कबरीवर म्हातारीच्या झारीतलं पाणी पडायचं थांबलं.

"काय?"

"घर नको. अक्रोड नको, पोटमाळा नको. मी मंगळवारी सही करणार नाही. हेही मी टिकटिक करून सांगत होते. आता तोंडाने सांगते."

तिला वाटलं होतं, त्याचा चेहरा निवळेल, तो म्हणेल, अरे, मी तर तुझ्यासाठीच. तसं काही झालं नाही. "मला हवंय," तो म्हणाला. हेल्मेट त्याने उलटं करून आतला घाम अंगठ्याने पुसला. "मला खरंच हवंय ते. मी एकटा राहीन मग."

"राहा."

"राहीनच."

"जेवायच्या वेळी घरी जा बाबांनो," म्हातारी म्हणाली, "उपाशीपोटी असलं काही बोलू नये."

ते निघाले. परतीचा रस्ता वाडीकडून वर चढून मग बियोंला उतरायचा. या वेळी ती पुढे होती, का ते दोघांनाही सांगता आलं नसतं. गावात शुकशुकाट होता, उघड्या खिडक्यांतून काटे-चमच्यांचा आवाज आणि भाजलेल्या मांसाचा वास. गाव मागे पडलं. पुढे कुणीच नाही, रस्ता सगळा मोकळा, वारा थेट तोंडावर. आणि मागून आवाज आला. टिकटिकटिक.

तिचे पाय जोरात फिरू लागले.

ती थक्क झाली. तिला ठाऊक होतं. दहा मिनिटांपूर्वी तिनेच ते शोधून काढलं होतं, अर्थ उलटा, कारण माहीत, सगळं स्वच्छ, आणि तरी पाय ऐकेनात. मानेवर, कानामागे कुठेतरी तो आवाज बसत होता: तू आडवी येतेयस, तू आडवी येतेयस. पुन्हा टिकटिक. तिने आणखी रेटलं. श्वास तोंडाने येऊ लागला. असं होतं तर त्याला. दर रविवारी असं होत होतं. "दम लागला का?" ती समोर बघूनच ओरडली.

"नाही," मागून आलं.

तोच शब्द, ट्राममधला. तिने दोन्ही ब्रेक दाबले, पाय जमिनीवर टेकला आणि मागे वळून बघितलं. तो बराच मागे होता. एका पायाने पेडल मारत होता, दुसरा नुसता फिरत होता. जवळ येऊन तो थांबला, सायकलवरून उतरताना हँडलवर ओणवा झाला.

"नाही म्हणजे काय?" ती म्हणाली.

"दम नाही लागला. गुडघा."

"कधीपासून?"

तो गुडघा चोळू लागला.

"रेजिस, कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. त्याच्याही आधीच्या असेल."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू इतकी जोरात असतेस. म्हटलं, बंदच करावी लागेल सायकल. तू जाशील क्लबाबरोबर, मी घरी."

"दुखऱ्या गुडघ्याने तू चढाच्या टोकावरचं घर घ्यायला निघालास?"

"तिथून कुठेही जायचं तर उतारच आहे," रेजिस म्हणाला. तो गंभीरपणे म्हणत होता. हे त्याने नकाशावर बघून ठेवलं असणार, तिला खात्री होती.

"आणि येताना?"

त्याने वर रस्त्याकडे बघितलं, जिथे झाडांमधून निळ्या झडपांचा एक तुकडा दिसत होता. रस्ते खात्यात आयुष्य घालवलेला माणूस, हा चढ किती टक्क्यांचा ते त्याला तोंडपाठ. तिला मध्ये बोलायचा मोह झाला, पण तिने बोलू दिलं नाही स्वतःला.

"मंगळवारी तू बोल नोटरीशी," तो शेवटी म्हणाला. "मला नाही म्हणता येत नाही लोकांना."

"ट्राममध्ये बरं आलं."

"कुठल्या ट्राममध्ये?"

"काही नाही. नाही, सांगते. चालता चालता सांगते."

कारण सायकलवर बसणं त्याला शक्य नव्हतं. त्यांनी सायकली हाताने ढकलायला सुरुवात केली, त्याची त्याच्या उजव्या हाताला, तिची तिच्या डाव्या, मध्ये दोघं. ढकलताना पेडल फिरत नाहीत, म्हणून दोन्ही चाकं टिकटिकत होती. त्याची जरा जाड, तिची बारीक, कधी एकात एक मिसळत, कधी सुटत, आणि कुणी पेडल मारत नाही यापलीकडे त्यांचा काही अर्थ नव्हता. तिने गुरुवारचं सांगायला सुरुवात केली. त्याने डाव्या हाताने रस्त्यावरचा एक खड्डा दाखवला, चालत असूनही. दहा-बारा पावलं गेली असतील, आणि तिच्या लक्षात आलं की ती त्याच्या खांद्याशी बोलतेय. लंगडत असूनही तो अर्धं पाऊल पुढे होता.

"रेजिस," ती म्हणाली, मोठ्याने, "हळू."